कडू बिअर घाईनं पिऊ नका

सुरतेतल्या माझ्या मराठी मंडळींना एक विनंती करायची आहे. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत राहणारी, नंदुरबार, धुळे, जळगावकडून पोटापाण्यासाठी आलेली आपली माणसं लग्नकार्याला, जमिनीच्या कामाला, सुट्टीला सारखी सीमेपलीकडे जात-येत असतात. त्यातले जे बिअर पितात, ते तिकडे गेल्यावर पितात. कुणी नवापूरला, कुणी दमणला, कुणी नाशिक-पुण्याला. जे पीत नाहीत, त्यांनी हे वाचून सुरुवात करावी असं मला अजिबात वाटत नाही. पण जे पितातच, त्यांच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे. टेबलाशी बसल्या बसल्या आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सगळ्यात स्ट्राँग कुठली आहे?” हा प्रश्न विचारायचं सोडून द्या, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

हा प्रश्न कुठून येतो, ते मला कळतं. घरी परतल्यावर महिना-दोन महिने मिळणार नसते. गाडी पकडायची असते. बरोबरच्या चार जणांत कुणाला मागं राहायचं नसतं. मग थोड्या वेळात आणि थोड्या पैशांत जितकी चढेल तितकी चढवून घ्यायची, असा हिशोब होतो. या हिशोबात नाकाला आणि जिभेला काही कामच उरत नाही. तिकडे गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पुण्या-मुंबईत आणि गोव्यात छोट्या भट्ट्यांमधून जी बिअर बनायला लागली आहे, ती तर नाकाजिभेसाठीच बनवलेली असते. त्यातली सगळ्यात दमदार म्हणजे हॉप्सची कडू बिअर, जिला इंडिया पेल एल किंवा नुसतं आयपीए म्हणतात. आपला माणूस कधीतरी ती मागवतो, नेहमीच्या स्ट्राँगसारखे दोन मोठे घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि साडेतीनशे-चारशे रुपयांचा ग्लास अर्धा टाकून उठतो. असं कितीदा तरी पाहिलंय. वाईट वाटतं.

आधी ‘स्ट्राँग’चा हिशोब नीट मांडू, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर बिअर माइल्ड, ५ च्या वर ८ टक्क्यांपर्यंत असेल तर स्ट्राँग. ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची बाटली घ्या. तिच्यात शुद्ध अल्कोहोल ५२ मिलिलिटर. व्हिस्कीचा छोटा पेग ३० मिलिलिटरचा, ४२.८ टक्क्यांचा, त्यात साधारण १३ मिलिलिटर. म्हणजे एक बाटली बरोबर चार छोटे पेग. “आपण दारूला शिवत नाही, फक्त बिअर घेतो” असं सांगणारा माणूस दोन बाटल्या संपवतो तेव्हा आठ पेग पोटात गेलेले असतात, तेही तासाभरात आणि बहुतेक वेळा फुटाण्यांवर. वजनात बोलायचं तर एका बाटलीत जवळपास ४१ ग्रॅम अल्कोहोल. निरोगी माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निस्तरतं. एका बाटलीला चार ते सहा तास लागतात, आणि लिंबू सरबत, काळा चहा, गार पाण्याची आंघोळ यांनी त्यातलं एक मिनिटही कमी होत नाही.

आता ‘स्ट्राँग’ आणि ‘कडू’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मनात पक्कं करा. नेहमीच्या स्ट्राँग बाटलीत बऱ्याचदा जवाच्या माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरून अल्कोहोल वाढवलेलं असतं. हॉप्स जेमतेम, चव गोडसर, आणि ती बर्फासारखी गार करून प्यायची, म्हणजे अल्कोहोलचा भपका जाणवत नाही. हॉप्सच्या कडू बिअरमध्ये अल्कोहोल जास्त असतं ते तिचा कडवटपणा पेलायला माल्टही भरपूर लागतो म्हणून. साधी अमेरिकन आयपीए साडेपाच ते साडेसात टक्क्यांची असते. डबल आयपीए साडेसात ते दहापर्यंत जाते. हा प्रकार १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या ब्लाइंड पिग नावाच्या छोट्या ब्रुअरीत विनी चिलुर्झो यांनी पहिल्यांदा केला असं मानलं जातं. आपल्याकडे ८ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे त्यातल्या सगळ्यात जड बिअर इथं बनतच नाहीत, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. साडेसहा टक्क्यांच्या चांगल्या आयपीएत शिकण्यासारखं पुष्कळ असतं.

हॉप्स ही एक वेल आहे. थंड हवेत वाढते. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात तिची लागवड झाली. तिच्या हिरव्या, खवल्याखवल्यांच्या फुलांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते. बोटांत चुरगाळली तर हाताला वास दिवसभर राहतो. या पुडीतली आम्लं माल्टच्या काढ्यात तास-दीड तास उकळली की कडू होतात. तेच हॉप्स अगदी शेवटी घातले, किंवा बिअर आंबून थंड झाल्यावर टाकीत टाकून ठेवले, तर कडूपणा फारसा वाढत नाही, सुगंध मात्र उतरतो: मोसंबीच्या सालीचा, पपनसाचा, पाडाला आलेल्या आंब्याचा, देवदाराच्या लाकडाचा, कधी ओल्या गवताचा. ही दोन कामं वेगळी आहेत हे कळलं की अर्धी परीक्षा आली. कडूपणा जिभेनं तपासायचा, सुगंध नाकानं.

कडूपणाचा आणखी एक उपयोग होता, आणि त्याच्यामुळेच या बिअरच्या नावात आपला देश आला. हॉप्समधली ही द्रव्यं बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना रोखतात. इंग्लंडहून जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून इकडे यायला चार-सहा महिने लागायचे, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनजवळच्या बो इथला जॉर्ज हॉजसन आपली फिकट, जास्त हॉप्सची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर द्यायचा. त्याची भट्टी कंपनीच्या ब्लॅकवॉल धक्क्यापासून जवळ होती, हा त्याचा मोठा फायदा. पुढं १८२० नंतर बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी त्याचा बाजार काबीज केला, कारण तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश जास्त आणि त्या पाण्यात कडूपणा स्वच्छ, खणखणीत उतरतो. हॉजसननं हिंदुस्थानासाठी नवी बिअर शोधून काढली, अशी गोष्ट ब्रूपबमधल्या, म्हणजे बिअर बनवून तिथंच देणाऱ्या बारमधल्या भिंतींवर रंगवलेली असते; तिच्यावर विश्वास ठेवू नका. तसली बिअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि इकडच्या गोऱ्या शिपायांना जास्त करून काळी पोर्टरच मिळायची.

सुरतेचा बिअरशी संबंध तर त्याहून जुना आहे. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीला इथल्या इंग्रज वखारीत होता. वखारीत शिराझची वाइन आणि अरकाचं पंच रोजचं होतं, पण युरोपची वाइन आणि इंग्लंडची बिअर यांच्यावर लोकांचा जीव होता, आणि महाग असूनही ती विकत घेऊन आवडीनं प्यायली जायची, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा जी वखार जॉर्ज ऑक्झेंडननं लढवली, तिथलीच ही माणसं. आयपीए हे नाव रूढ व्हायला तेव्हा सव्वाशे-दीडशे वर्षं अवकाश होता. तोवर व्यापार मुंबईला गेला होता.

आज या शहरात परवान्याशिवाय पिणं गुन्हा आहे, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. सीमेच्या दोन्ही बाजूंचा कायदा मुळात एकच, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, गुजरातनं बंदी चालू ठेवली, महाराष्ट्रानं परवान्यांची वाट मोकळी केली. कायद्यानं महाराष्ट्रातही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, एका दिवसाचासुद्धा मिळतो, आणि २१ वर्षांखालच्या कुणालाही बिअर देता येत नाही. बरोबर पुतण्या-भाचा असेल तर “एक घोट घे रे” हा आग्रह करू नका.

आता मुख्य मुद्दा, चव कशी घ्यायची.

महाराष्ट्रात अशी बिअर बनवणारी पहिली जागा म्हणजे पुण्यातली डूलाली, २००९ सालची, सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी सुरू केलेली. नंतर मुंढव्याला इंडिपेंडन्स आली, डोंबिवलीत गेटवे आली, नकुल भोसले यांच्या ग्रेट स्टेटनं कोकम घालून बिअर केली. अशा ठिकाणी आधी छोटे नमुने मागा. बहुतेक जण घोटभर चाखायला देतात, किंवा चार-पाच छोट्या ग्लासांचा ट्रे मिळतो. चौघं असाल तर आयपीएचा एक ग्लास आणि तीन रिकामे ग्लास मागवा. शंभर मिलिलिटर बिअर चव घ्यायला पुरते. वेटर चमकून बघेल, बघू द्या. क्रम नेहमी हलक्यापासून जडाकडे ठेवा: आधी गव्हाची, मग साधी पेल एल, शेवटी आयपीए. आयपीए आधी घेतली की कडूपणा जिभेवर ठाण मांडतो आणि पुढची प्रत्येक बिअर पाणचट लागते.

ग्लास फ्रीजरमधला नको. आपल्याकडे पाहुण्याचा मान म्हणून बर्फाचा थर चढलेला ग्लास देतात. नम्रपणे परत करा आणि साधा, कोरडा, धुतलेला मागा. अतिथंड बिअरला वास येत नाही आणि जीभ बधिर होते. हॉप्सची जड बिअर ८ ते १२ अंशांवर चांगली. हातात थर्मामीटर नसतो, तेव्हा एवढंच करा: ग्लास आला की दोन्ही तळव्यांत धरून चार-पाच मिनिटं थांबा.

त्या वेळात बघा. फेस किती आहे आणि किती टिकतो? चांगल्या हॉप्सच्या बिअरवर बोटभर तरी पांढरा, दाट फेस हवा, आणि बिअर खाली जाईल तशी काचेवर त्याची जाळी राहायला हवी. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. रंग पेंढ्यापासून तांब्यापर्यंत काहीही चालतो. गढूळ असली म्हणून खराब समजू नका; न्यू इंग्लंड पद्धतीची आयपीए मुद्दाम गढूळ ठेवतात. डोळ्यांवर जास्त वेळ घालवू नका. बिअरच्या परीक्षकांची बीजेसीपी नावाची अमेरिकेतली संस्था आहे; तिच्या ५० गुणांच्या पत्रिकेत दिसण्याला फक्त ३ गुण आहेत, वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर परिणामाला १०. किती चढली, याला एकही गुण नाही.

मग नाक. ग्लास हलकेच गोल फिरवा, फेस जरा हलला की नाक ग्लासात घालून दोन-तीन तोकडे श्वास घ्या. लांब श्वास ओढू नका, नाक लवकर थकतं. पहिल्या हुंगण्यात जे येतं ते सगळ्यात खरं असतं, म्हणून ते लगेच बोला, नाहीतर लिहा. लाजू नका. ‘ग्रेपफ्रूट’ लिहायची गरज नाही, आपल्या अंगणातलं पपनस आहे ना, तेच लिहा. कैरी, पेरू, संत्र्याची साल, गवती चहा, रजनीगंधा, बेलफळ, ओलं लाकूड, जे आठवेल ते. हॉप्सच्या मागून माल्टचा वास शोधा: पावाची कडा, भाजलेलं बिस्किट, काकवी. आणि नाकात झिणझिण्या आल्या, स्पिरिटसारखा भपका आला, तर तो अल्कोहोलचा. सात-आठ टक्क्यांच्या चांगल्या बिअरमध्ये अल्कोहोल नाकाला टोचत नाही, घशाखाली उतरल्यावर छातीत जरा ऊब देतं, एवढंच.

आता छोटा घोट. तोंडभर फिरवा, कारण कडू फक्त जिभेच्या मागच्या टोकाला कळतं ही शाळेतल्या चित्रातली समजूत चुकीची आहे. वाइन चाखणारे थुंकतात, बिअरचे परीक्षक गिळतात, कारण घोट खाली गेल्यावर नाकाच्या मागच्या बाजूनं जो वास वर येतो तो महत्त्वाचा, आणि कडूपणाही उशिरा चढतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. आणि थांबा. मनात वीसपर्यंत मोजा. कडूपणा आधी उठतो, शिगेला जातो, मग ओसरतो. तो स्वच्छ ओसरला, तोंड ताजं राहिलं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटला, तर बनवणाऱ्यानं काम चांगलं केलं. जीभ खरखरीत झाली, कच्च्या केळीसारखा तुरटपणा दातांना चिकटून राहिला, तर हॉप्स जास्त वेळ राहिले किंवा माल्ट नीट धुतला गेला नाही. कडू आणि तुरट यांत फरक करायला शिका. आपल्या घरात कारलं, मेथी, कढीपत्ता असतो. कडूची भीती बाळगणारे आपण लोक नाही. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं ते अपेक्षा वेगळी असते म्हणून. तिसऱ्या घोटाला जीभ सरावते आणि कडूच्या आत दडलेला गोडवा वर येतो. निकाल तिसऱ्या घोटानंतरच द्या.

फळ्यावर आयबीयू म्हणून आकडा लिहिलेला असतो, ४०, ६५, कधी ९०. तो लिटरमागे किती मिलिग्रॅम कडू द्रव्य आहे त्याचा आकडा आहे, गुण नव्हेत. ७० आयबीयूची गोडसर, भारदस्त बिअर ४५ च्या कोरड्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते. आकडा मोठा म्हणून ती मागवणं म्हणजे ‘सगळ्यात स्ट्राँग’ हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारणं.

महिधरपुऱ्यात किंवा वराछाला हिरे पारखणारा माणूस पाहिलाय? तो पाकीट उघडतो, पांढऱ्या कागदावर माल पसरतो, एकेक खडा चिमट्यानं उचलतो, आणि डोळे थकले की हातातलं काम ठेवून देतो, कारण थकल्या डोळ्यांनी दिलेला भाव अंगाशी येतो. जिभेचंही तेच आहे. हॉप्सच्या दोन, फार तर तीन छोट्या ग्लासांनंतर तुमचं मत विश्वासाचं राहत नाही. तिथं थांबा. मध्ये साधं पाणी प्या, थोडे बिनमिठाचे कुरमुरे किंवा पावाचा तुकडा खा. मसाला शेंगदाणे, चकली, चिली पनीर हे चाखून झाल्यावर. मीठ कडूपणा दाबतं, आणि मिरचीचा जाळ कडू, जास्त अल्कोहोलच्या बिअरनं आणखी भडकतो. खानदेशी शेवभाजीवर आयपीए घेऊन बघितली, तोंडाला आग लागली. गरम कांदाभजी, तळलेली मासळी, पनीर टिक्का, जुनं चीज यांच्याबरोबर मात्र ती फार छान जमते. तेलातुपाचा जडपणा ती कापून काढते.

दोष ओळखायला शिकलात तर पैसे वाचतील. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी, हवा लागलेली. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आणि जिभेवर तेलकट बुळबुळीतपणा म्हणजे घाईनं काढलेली. यीस्टला आपलं काम पुरं करू दिलेलं नाही. हिरव्या सफरचंदाचा वासही बहुतेक वेळा त्याच घाईचा. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर उकळणं नीट झालेलं नाही. व्हिनेगरसारखी आंबट, फेस कमी, तर नळ्या घाणेरड्या असण्याची शक्यता मोठी. आणि जळलेल्या रबरासारखा, उग्र, प्राण्याच्या अंगासारखा वास आला तर बाटलीला ऊन लागलंय. प्रकाशानं हॉप्समधलं द्रव्य फुटून हा वास तयार होतो, हिरव्या आणि पारदर्शक बाटलीत तर काही मिनिटांत. तपकिरी बाटली बरी, कॅन सगळ्यात सुरक्षित. नंदुरबारच्या मे महिन्यात काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली कितीही नावाजलेली असो, घेऊ नका. हॉप्सचा सुगंध मुरल्यानं वाढत नाही, आठवड्यागणिक उडून जातो. म्हणून कॅनवर भरल्याची तारीख बघा, आणि ब्रूपबमध्ये विचारा, “हा केग कधी लावला?” दोन-तीन महिन्यांच्या आतली आयपीए घ्या.

‘मला आवडली नाही’ आणि ‘बिअर वाईट आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, ती वेगळी ठेवा. दोष नसताना आवडली नाही तर तुमची आवड वेगळी, एवढंच. दोष असेल तर आवाज न चढवता सांगा, ग्लास बदलून मागा. एका ठिकाणी मी लोण्याचा वास असलेली बिअर परत केली, तर मॅनेजर म्हणाला, “आयपीए अशीच असते साहेब.” अशी नसते. तुम्ही ठामपणे सांगू शकता.

नाकाची तयारी सुरतेत बसून, कायदा पाळून, थेंबभर न पिता होते, आणि मी तर म्हणेन घरातल्या सगळ्यांनी मिळून करावी. बाजारातून संत्रं, मोसंबी, लिंबू, पपनस, पेरू, कैरी, अननस आणा. सालीचे, फोडींचे तुकडे वाट्यांत ठेवून वर बशा झाका. डोळे मिटून एकेक बशी उचलून हुंगायची आणि ओळखायचं. पहिल्या दिवशी मोसंबी आणि लिंबूही गोंधळात टाकतात. आठवडाभरात नाक तयार होतं. कडूसाठी मेथीदाणे रात्रभर भिजत घालून ते पाणी निम्मं, पाव, त्याच्याही निम्मं असं पातळ करत चाखा आणि कुठवर कडू कळतं ते बघा. लहान मुलं या खेळात मोठ्यांना हरवतात. आणि या सरावानंतर घरचा आमरस, मसाल्याचा चहा आणि थंडीत पोंकाच्या दिवसांत सकाळी मिळणारा ताजा नीरोसुद्धा वेगळा लागायला लागतो.

दोन गोष्टी तब्येतीच्या, कारण त्या टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अल्कोहोलचं पूर्णपणे सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. कमी प्या, हाच त्यातल्या त्यात शहाणपणा. कावीळ होऊन गेली असेल, यकृताचा त्रास असेल, मधुमेहाच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, पोटात मूल असेल, तर चाखणंही नको. रोज संध्याकाळी हात थरथरत असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही. डॉक्टरकडे जा, लाज वाटू देऊ नका.

आणि प्रवासातून उतरल्या उतरल्या, उपाशी, तहानलेले असताना पिऊ नका. टॉम कोरियट नावाचा इंग्रज पश्चिम आशियातून जवळजवळ पायी चालत हिंदुस्थानात आला होता. १६१७ च्या अखेरीला तो सुरतेला पोचला तेव्हा पोट बिघडलेलं होतं. इथल्या इंग्रजांकडे मायदेशाहून आलेली सॅक, म्हणजे स्पेनची वाइन आहे, असं कळताच त्यानं ती मागून घेतली. एडवर्ड टेरी या त्याच्या ओळखीच्या पाद्र्यानं लिहिलंय की कोरियट संयमी माणूस, प्यायला असेल तेही बेतानंच. तरी हगवण बळावली आणि डिसेंबरात तो इथंच गेला. इतक्या वर्षांनी मिळाली, एवढ्या एका कारणानं अंगाची हालत विसरायची नसते. आधी जेवा, दोन ग्लास पाणी प्या, तासभर बसा.

परतताना गाडी चालवणाऱ्यानं चाखायचंही नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि एक स्ट्राँग बाटली बहुतेकांना तिच्या पार नेते. २०१९ पासून पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बाटल्या बॅगेत घालून आणू नका. दाजींनी मागितली, शेठनं सांगितलं, तरी नाही म्हणा. पकडला जातो तो आणणारा, मागणारा नाही, आणि बायकोमुलांना पोलीस चौकीच्या बाहेर बसावं लागतं. त्याच दिवशी परतायचं असेल तर त्या खेपेला पिऊच नका. मुक्काम असेल त्या गावात, त्या रात्री, चालत खोलीवर जाता येईल अशा ठिकाणी प्या.

शेवटी नवापूर, नाशिक, दमणच्या हॉटेलवाल्यांनाही माझं मागणं आहे. तुमच्याकडे येणारा सुरतेचा मराठी माणूस हा चांगला, रोख पैसे देणारा ग्राहक आहे. त्याला बघताच स्ट्राँगची बाटली पुढं करू नका. हॉप्सची एखादी बिअर ठेवा, ती उन्हाबाहेर ठेवा, छोट्या ग्लासात विका, तारीख दाखवा, पाण्याचा तांब्या न मागता टेबलावर आणून ठेवा. आणि एखाद्यानं वास येतोय म्हणून ग्लास परत केला, तर वाद घालण्याआधी तो ग्लास स्वतः एकदा हुंगून बघा.